कॅलासची १९५३ची ‘तोस्का’, बेळगावकर कानांसाठी

सुळेभावी काय, शहापूर-टिळकवाडी काय, इथले कान ख्याल आणि नाट्यसंगीतावर वाढलेले. ऑपेरा म्हटला की ‘नुसती किंकाळी’ हा शेरा ठरलेला. पुच्चीनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचं, गायिका मारिया कॅलासचं मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाच्या वाद्यवृंदासोबतचं हे ध्वनिमुद्रण (संचालक व्हिक्तोर दे साबाता) तो शेरा मागे घ्यायला लावतं.

सुरुवातीपासून ऐकू नका. आधी दुसऱ्या अंकातलं तोस्काचं ‘विस्सी दार्ते’ हे गाणं लावा, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं. शेवटाकडे ती ज्या सुरावर चढते, तो काळी पाचमधला अतितार षड्ज. तार नव्हे, त्याच्याही वरच्या सप्तकातला, अतितार! रंगमंचावर हा सूर माइकशिवाय, अख्ख्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. त्यासाठी जबडा इतका उघडावा लागतो की सगळे उच्चार ‘आ’कडे झुकतात आणि शब्द पुसट होतात. म्हणून संहिता हाताशी हवीच.

कॅलासचे वरचे सूर कधीकधी टोचतात. निव्वळ गोडवा हवा असेल त्यानं तिच्याच काळातली गायिका रेनाता तेबाल्दी ऐकावी. मुद्रण मोनो आहे. बेस वाढवलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर वाद्यवृंद गढूळ होतो, साधे हेडफोन बरे. तीतो गोब्बीनं गायलेला खलनायक स्कार्पिया मात्र कशावरही ऐका, अंगावर येतोच.