वनरक्षक भरतीचा तालुक्यातला क्लास: धावणं पक्कं, पेपर कच्चा

लेखीला 120 गुण, धावण्याला 80. हा क्लास भरवशाचा आहे तो धावण्यापुरता. पहाटे तलावाच्या पाळीवर, मुरमाच्या रस्त्याने पळवतात; डांबरावर रोज 5 किमी पळालं की नडगी धरते. पहिल्याच किलोमीटरला कुणी सुसाट सुटला तर सर शिट्टी मारून आवरतात, कारण असा गडी चौथ्यात बसतो. मुलींचं अंतर 3 किमी. मुलांची छाती न फुगवता 79 सेंमी, फुगवून 5 जास्त लागते. टेप काखेखालून आडवी धरून नियमित मोजतात. हे फार कमी ठिकाणी होतं.

4 तासांत 25 किमी चालण्याचा (मुलींना 16) सराव मात्र शून्य. ताशी सव्वासहा किमी म्हणजे काही रमतगमत नव्हे! त्यात नवे बूट घालून गेलं की फोड ठरलेले.

लेखीच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. इंग्रजी तर उरकूनच टाकतात.

अकोल्याहून वनशास्त्राची पदवी घेतलेल्यांनी इथे फी भरू नये. आरएफओ (वनक्षेत्रपाल), एसीएफ (सहायक वनसंरक्षक) या पदांसाठी एमपीएससीची वनसेवा परीक्षा लागते, आणि तो अभ्यासक्रम इथे कुणी शिकवत नाही.