चुंबकीय सेल्युलोज किट: साय उत्तम, लोहक्षार सांभाळा

चुंबकाकडे ओढला जाणारा सेल्युलोजचा पत्रा बनवायच्या या किटमधलं जिवाणूंचं कल्चर दमदार आहे. कोमागाटायबॅक्टर झायलिनस हा सेल्युलोज बनवणारा जिवाणू २८ ते ३० अंशांवर न हलवता ठेवला की आठवड्याभरात पोषक माध्यमावर सेल्युलोजची घट्ट, पांढरी साय धरते. भांडं हलवलं तर सलग पत्रा मिळत नाही, थर सुटे पडतात. जिवाणू काढून टाकण्यासाठी साय ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ८० अंशांवर तासभर ठेवा, मग सामू उदासीन होईपर्यंत धुवा. पिवळट झाक राहिली तर द्रावण बदलून पुन्हा करा. इथे घाई नको.

खरी परीक्षा पुढे. १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात २.७ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट आणि १ ग्रॅम फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट, म्हणजे मोल प्रमाण २:१. साय त्यात रात्रभर भिजवा, नायट्रोजन सोडत राहा, मग ती अमोनियाच्या द्रावणात टाका. तंतूंमध्ये चुंबकीय लोह-ऑक्साइडचे कण तयार होऊन काही क्षणांत ती काळी पडते. तपकिरी झाली तर हवा शिरली आणि फेरसचं ऑक्सिडीकरण झालं, चुंबकत्व कमी मिळणार. म्हणूनच फेरसची सैल झाकणाची बाटली ही किटची मोठी उणीव. स्फटिक फिकट हिरवे हवेत, पिवळे-तपकिरी असतील तर वापरू नका. अमोनिया धूरकपाटातच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) उघडा. चुंबकीय ढवळणीही टाळा, कण तिच्या दांडीलाच चिकटतात.

माहितीपत्रक ओव्हनमध्ये वाळवायला सांगतं, तो सल्ला चुकीचा आहे. तंतू एकमेकांना कायमचे चिकटून पत्रा कडक होतो. मऊपणा हवा तर गोठवून वाळवा, किंवा ग्लिसरॉलमध्ये मुरवून ओलसरच ठेवा.