होम लोन कॅल्क्युलेटर अ‍ॅप: मत द्यायच्या आधी एकदा वापरून बघा

गेल्या इलेक्शनच्या आधी मी एक होम लोन कॅल्क्युलेटर अ‍ॅप घेतलं, नाव सांगत नाही कारण असली भरपूर आहेत आणि आतलं गणित सगळ्यांचं एकच. भाडं परत वाढलं होतं आणि स्वतःचं घर झेपतंय का ते एकदाचं बघायचं होतं. पण खरा उपयोग झाला तो मत कुणाला द्यायचं ते ठरवताना, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात भारी म्हणजे हप्त्यांचा तक्ता. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं टाका आणि पहिली ओळ बघा, पहिल्या हप्त्यातले जवळपास ८२ टक्के नुसत्या व्याजात जातात. मग खाली १२० व्या ओळीपर्यंत या, म्हणजे १० वर्षं झाली, एकही हप्ता चुकवला नाही, तरी घेतलेल्या १०० पैकी ७० अजून डोक्यावर आहेतच. मी रात्री हे बघितलं आणि फोन बायकोच्या हातात दिला, ती काही बोलली नाही, परत वर जाऊन पहिल्यापासून एकेक ओळ वाचत बसली.

त्यानंतर मी प्रचारातली आश्वासनं एकेक करून यात टाकली. एकाचं होतं व्याज १ टक्क्याने कमी करू. साडेआठचं साडेसात केलं तर हप्ता ७ टक्क्यांनी उतरला, बरं वाटलं. मग उलटं करून बघितलं, हप्ता तेवढाच ठेवला तर आता कर्ज किती मिळेल, तर जवळपास ८ टक्के जास्त. पण ही सवलत काय मला एकट्याला नाही, घर शोधणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि घरं आहेत तेवढीच राहिली तर सगळे मिळून भावच वर नेणार आणि सवलतीचा बराचसा पैसा विकणाऱ्याच्या खिशात जाणार. दुसऱ्याचं होतं मुदत ३० वर्षांची करू. हप्ता ११ टक्क्यांनी कमी दिसतो, पण १०० घेतले तर २०८ च्या जागी २७७ फेडायचे. तिसरा म्हणत होता नवी घरं बांधू, भाड्याची सरकारी घरं वाढवू, आणि हे टाकायला अ‍ॅपमध्ये रकानाच नाही! माझ्यासारख्या भाडेकरूला सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीने पडतो आणि तीच इथे मोजता येत नाही, ही मला मोठी कमी वाटली.

दुसरी तक्रार 'भाडं की खरेदी' या टॅबबद्दल. तिथे घराची किंमत दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढणार असं आधीच भरून ठेवलंय, त्यामुळे काहीही टाका, खरेदीच जिंकते. तो आकडा बारीक अक्षरात खाली आहे, बदलता येतो पण कुणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. मी तो ३ केला आणि आमच्या बाबतीत भाड्याने राहणं लगेच पुढे गेलं.

हे मी बाबांना दाखवत होतो तर ते पटकन म्हणाले, "अरे, ३ टक्केच वाढलं तर आपल्या घराचं काय?" त्यांची आयुष्यभराची कमाई त्या एका घरात आहे, म्हातारपणाचा आधारही तोच. मी भाव थांबावेत म्हणून मत देणार आणि ते भाव टिकावेत म्हणून, आणि दोघांचंही चुकत नाही. त्या रात्री आम्ही भांडलो नाही, पण मत मात्र वेगवेगळ्या जागी गेलं.

जगात सगळीकडे हेच चाललंय. ऑस्ट्रेलियात २०१९ ला लेबर पार्टी गुंतवणुकीच्या घरांवरची टॅक्स सवलत कमी करू म्हणत इलेक्शनला गेली आणि हरली, कारणं अजूनही होती, पण पुढच्या इलेक्शनला त्यांनी तो मुद्दाच सोडून दिला. उलट आयर्लंडमध्ये २०२० ला घरं आणि आरोग्य हेच मोठे मुद्दे होते आणि पहिल्या पसंतीची सगळ्यात जास्त मतं शिन फेन या पक्षाला पडली, साडेचोवीस टक्के. बर्लिनमध्ये तर बहुतेक लोक भाड्याने राहतात, तिथे २०२० ला भाडं गोठवणारा कायदा आला, २०२१ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने तो रद्द केला, आणि त्याच सप्टेंबरमध्ये मोठ्या कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत का या सार्वमतात बहुमताने हो म्हटलं, सार्वमत बंधनकारक नव्हतं तरी. मालक जास्त तिथे भावाला हात लावायला नेते घाबरतात, भाडेकरू जास्त तिथे भाड्यावर बोलावंच लागतं.

बाकी अ‍ॅप फास्ट आहे, नेट नसलं तरी चालतं. फोन नंबर मात्र देऊ नका, मी दिला आणि दुसऱ्या दिवसापासून लोन हवंय का म्हणून कॉल सुरू झाले, ते बंद करायला आठवडा गेला. पाचपैकी साडेतीन स्टार. घरांचा पुरवठा वाढला तर काय होईल तो रकाना दिला आणि ते ८ टक्के वर मोठ्या अक्षरात आणले तर मी पाच देईन, तसं त्यांना लिहून पाठवलंय.