शौचालयासाठी घेतलेले सूक्ष्मकर्ज : दोन वर्षांच्या हिशेबानंतर

औसा तालुक्यातील आमच्या घरी शौचालय बांधण्यासाठी मी एका सूक्ष्मवित्त कंपनीकडून ३०,००० रुपयांचे कर्ज घेतले होते. त्याचा शेवटचा हप्ता नुकताच फिटला. बचत गटाचे हिशेब मीच लिहिते, त्यामुळे या कर्जाचे आकडेही वहीत आहेत.

स्वच्छ भारत मिशनचे १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान आम्हाला लागू होते, परंतु ते बांधकाम पूर्ण होऊन पाहणी झाल्यावर खात्यात येते. विटा, सिमेंट आणि गवंडी मात्र आधी पैसे मागतात. ही मधली फट भरून काढणे हाच या कर्जाचा खरा उपयोग आहे. वॉटर डॉट ऑर्ग या संस्थेने 'वॉटरक्रेडिट' या नावाने हीच कल्पना मांडली, आणि रिझर्व्ह बँकेने २०१५ साली पाणी व स्वच्छतेच्या सोयींसाठीच्या अशा कर्जांना अग्रक्रम क्षेत्रात (ज्याला बँकांना आपल्या कर्जांचा ठरावीक हिस्सा द्यावाच लागतो) स्थान दिल्यापासून बँकांचा पैसाही या कंपन्यांमार्फत गावापर्यंत येऊ लागला. आमच्या गटातील पाच जणींनी एकमेकींची हमी दिली, कोणतेही तारण द्यावे लागले नाही आणि बाराव्या दिवशी रक्कम खात्यात जमा झाली. या बाबतीत सेवा उत्तम आहे.

व्याजाबाबत मात्र सावध राहावे. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुदलावरच व्याज धरून, वार्षिक २४ टक्के दराने २४ महिन्यांचा हप्ता १,५८६ रुपये बसला, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे फेडले तर व्याजच ८,००० रुपयांच्या वर जाते. हाच दर सपाट पद्धतीने, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज धरून, सांगितला तर साडेतेरा टक्क्यांच्या आत दिसतो आणि ऐकणाऱ्याला स्वस्त वाटतो. म्हणून दर विचारताना 'घटता की सपाट' हा प्रश्न आधी विचारावा. माझ्या रकमेतून न विचारताच विम्याचा हप्ता कापला होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार असे कर्जासोबतचे जोडउत्पादन कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय देता येत नाही, हे बैठकीत सर्वांसमोर सांगितल्यावर पैसे परत मिळाले. पाचव्या हप्त्यानंतर अनुदान आले, तेव्हा ते सगळे कर्जात भरायचे ठरवले. शाखेने आधी टाळाटाळ केली, पण मुदतपूर्व परतफेडीवर दंड लावता येत नाही म्हटल्यावर भरणा स्वीकारला आणि हप्ता ८२१ रुपयांवर आला.

माझी मोठी तक्रार पैशांची नाही, खड्ड्यांची आहे. कर्ज शौचालयासाठी म्हणून दिले जाते, पण ते कसे बांधावे याचा साधा आराखडाही कंपनी देत नाही. अधिकारी येतो, दारासमोर फोटो काढतो आणि जातो. आमच्या गवंड्याला एकच खोल टाकी बांधून तिचे तोंड गटारात सोडायचे होते. कर्जाचे पैसे त्यातही तितक्याच सहज खर्च झाले असते! मी हट्टाने दोन शोषखड्डे करून घेतले. एक भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा, आणि पहिल्यातला दीड-दोन वर्षे तसाच राहू दिला की त्याचे कोरडे, वास नसलेले खत होते. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही, म्हणून जाळीदार विटांच्या भिंतीबाहेर फूटभर वाळू-खडीचे आवरण द्यावे लागले आणि खर्च वाढला. हे आधी कोणी सांगितले असते तर कर्जाची रक्कम त्या हिशेबानेच मागितली असती.

शिवाय शौचालयातून रुपयाही मिळत नाही, तरी हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो, जणू म्हैसच घेतली आहे. सासूबाईंना पहाटेच्या अंधारात ओढ्याकडे जावे लागत नाही, हा लाभ मोठा आहे, पण हप्ता त्यातून भरता येत नाही. सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत तीन महिने सवलत द्यायला हवी होती.

बचत गटाचे बँककर्ज वेळेत मिळत असेल तर ते स्वस्त पडते, आधी तेच पाहावे. ते लांबत असेल आणि घरात दरमहा ठरलेली मिळकत असेल, तर हे कर्ज घ्यायला माझी हरकत नाही. अर्ज मात्र फेब्रुवारीतच करावा, कारण आमच्याकडच्या काळ्या रानात जूननंतर खणलेला खड्डा बांधून होण्याआधीच ढासळतो.