पायथनचे लॉगिंग मॉड्यूल : ‘बंद’ म्हणजे नेमके किती बंद?

स्क्रिप्टमध्ये ठिकठिकाणी प्रिंट पेरायचे, चूक सापडली की ते एकेक करून कमेंट करायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा उघडायचे, ही पद्धत लहानशा स्क्रिप्टपुरती ठीक असते. कोड दोन-चार फायलींत पसरला की कोणते प्रिंट कायमचे आहे आणि कोणते तात्पुरते, हेच कळेनासे होते. पायथनच्या प्रमाणित लायब्ररीतील लॉगिंग मॉड्यूल हा त्यावरचा अधिकृत पर्याय आहे. विनय साजीप यांनी लिहिलेले हे मॉड्यूल पीईपी २८२ या प्रस्तावाच्या आधारे २००३ साली पायथन २.३ मध्ये समाविष्ट झाले आणि ते वापरण्यासाठी वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. त्याच्या सुविधांची यादी मोठी आहे. येथे मात्र मी त्याला एकाच कसोटीवर तपासणार आहे : तपासणीसाठी लिहिलेला कोड बंद केल्यावर तो खरोखर किती बंद होतो आणि गरज पडल्यावर किती सहजपणे सुरू होतो.

मूळ रचना चांगली आहे. प्रत्येक संदेशाला एक पातळी असते. डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४० आणि क्रिटिकल ५०, अशा त्या चढत्या क्रमाने आहेत, आणि लॉगरला, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या वस्तूला, जी पातळी ठरवून द्यावी तिच्या खालचे संदेश तो गाळतो. मुख्य म्हणजे लॉगरची नावे टिंबांनी जोडलेली असून त्यांतून एक वंशावळ तयार होते : ज्या लॉगरला स्वतःची पातळी दिलेली नाही, तो आपल्या पूर्वजाची पातळी घेतो, आणि सर्वांत वरच्या रूट लॉगरची पातळी मुळात वॉर्निंग असते. त्यामुळे प्रत्येक फाइलमध्ये मॉड्यूलच्या नावाने लॉगर घेतला, तर संपूर्ण पॅकेज शांत ठेवून त्यातील एकाच मॉड्यूलला बोलते करणे एका ओळीचे काम होते. ही सोय किती मोलाची आहे, हे रूट लॉगरलाच डीबग पातळीवर आणून पाहिले की समजते. नेटवर्कवर बोलणारी एखादी लायब्ररी सोबत असेल, तर तिच्या जोडण्यांच्या संदेशांत आपली हवी असलेली ओळ हरवून जाते.

आता बंद करण्याकडे वळू. पातळी वॉर्निंग असताना डीबगचा संदेश छापला जात नाही, पण त्या ओळीवरील फंक्शन कॉल होतोच, आणि पायथनच्या नियमानुसार कॉलच्या आधी त्याच्या सर्व आर्ग्युमेंट्सची मूल्ये काढली जातात. मॉड्यूलने येथे अर्धा दिलासा दिला आहे : संदेशात टक्के-एस ही जागाखूण लिहून मूल्ये स्वल्पविरामानंतर वेगळी दिली, तर ती मजकुरात बसवण्याचे काम संदेश खरोखर बाहेर जाणार असेल तरच होते. एफ-स्ट्रिंग, म्हणजे मूल्ये थेट आतच लिहिलेली स्ट्रिंग, वापरली तर हा लाभ जातो, कारण लॉगरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पूर्ण वाक्य तयार झालेले असते. मात्र आर्ग्युमेंटच्या जागी एखाद्या जड फंक्शनचा कॉल लिहिला असेल, तर टक्के-एसही वाचवू शकत नाही. ते फंक्शन चालते, उत्तर काढते आणि ते उत्तर टाकून दिले जाते. त्यासाठी इझ-एनेबल्ड-फॉर ही मेथड वापरून आधी इफची अट घालावी लागते. पायथन ३.७ पासून या मेथडचे उत्तर लॉगर स्वतःजवळ साठवून ठेवतो, त्यामुळे ही विचारणा स्वस्त झाली आहे. तरीही हजारो फेऱ्यांच्या आतल्या लूपमध्ये अशी प्रत्येक ओळ थोडा वेळ खातेच. थोडक्यात, लॉगिंगमध्ये ‘बंद’ म्हणजे तोंड बंद, हात चालू.

हातही थांबवायचे असतील, तर पायथनमध्ये दुसरी वाट आहे. दुहेरी अंडरस्कोरांमधील डीबग हा अंगभूत स्थिरांक एरवी खरा असतो, आणि इंटरप्रिटर कॅपिटल ओ या स्विचसह सुरू केला की खोटा होतो. त्याच्या अटीखाली लिहिलेला संपूर्ण भाग आणि सर्व असर्ट (एखादी अट खरी आहे ना हे तपासणारी) विधाने त्या वेळी बाइटकोडमध्ये, म्हणजे इंटरप्रिटर प्रत्यक्ष चालवतो त्या रूपांतरित कोडमध्ये, येतच नाहीत. बाइटकोड दाखवणाऱ्या डिस मॉड्यूलने फंक्शन उलगडून पाहिले, तर त्यांचा मागमूसही दिसत नाही. हे खरे बंद होय. पण ते कठोर आहे. स्थिरांकाला चालू प्रोग्राममध्ये नवे मूल्य देऊ लागलो तर सिंटॅक्स एरर येते, म्हणजे पुन्हा सुरू करायचे तर प्रोग्रामच नव्याने सुरू करावा लागतो. शिवाय हा स्विच एका मॉड्यूलपुरता लावता येत नाही. वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीतील असर्टही त्याच फटक्यात जातात, आणि कोणी असर्टच्या आतच यादीतील घटक काढून घेण्यासारखे प्रत्यक्ष काम लिहून ठेवले असेल, तर तेही गुपचूप नाहीसे होते. याउलट लॉगरची पातळी चालत्या प्रोग्राममध्ये केव्हाही बदलता येते. युनिक्सवर एखादा सिग्नल मिळताच पातळी डीबगवर नेणारे चार ओळींचे फंक्शन लिहिले, तर दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया न थांबवता तिच्या आत डोकावता येते. माझ्या मते याच एका गुणासाठी बहुतेक ठिकाणी लॉगिंगची निवड योग्य ठरते, आणि डीबग स्थिरांक फक्त अतिशय वारंवार चालणाऱ्या मोजक्या लूपसाठी राखून ठेवावा.

मॉड्यूलची खरी दुबळी बाजू बंद करण्यात नसून सुरू करण्यात आहे, कारण तेथे बटण एक नाही. लॉगरला डीबग पातळी दिली आणि बाकी काहीच केले नाही, तर पडद्यावर डीबगचा एकही संदेश येत नाही : एकही हँडलर (संदेश पडद्यावर किंवा फाइलमध्ये पोहोचवणारा घटक) जोडलेला नसताना पायथन ३.२ पासून एक शेवटचा राखीव हँडलर कामाला येतो आणि त्याची स्वतःची पातळी वॉर्निंग असते. म्हणजे लॉगरची एक पातळी, हँडलरची दुसरी, आणि संदेशाने दोन्ही ओलांडायच्या. त्याहून चकवणारी गोष्ट अशी की मुलाने मान्य केलेला संदेश पूर्वजांच्या हँडलरांकडे जाताना पूर्वज लॉगरची पातळी मुळीच तपासली जात नाही, फक्त त्या हँडलरांची तपासली जाते. त्यामुळे रूट वॉर्निंगवर असूनही डीबगच्या ओळी कशा दिसतात, असा प्रश्न नवख्याला पडतो. मुलालाही हँडलर आणि रूटलाही हँडलर, असे झाले तर तीच ओळ दोनदा छापली जाते.

बेसिक-कॉन्फिग हे फंक्शन सोपे वाटते, परंतु रूटला आधीच हँडलर असेल तर ते काहीही न करता, काहीही न सांगता परत येते. त्यातही गंमत म्हणजे मॉड्यूलच्या पातळीवरचे लॉगिंग डॉट इन्फो वगैरे शॉर्टकट हँडलर नसल्यास स्वतःच बेसिक-कॉन्फिग बोलावतात, म्हणून सेटिंगच्या आधी असा एक कॉल निसटला की नंतरचे सेटिंग वाया जाते. पायथन ३.८ मध्ये फोर्स हे आर्ग्युमेंट आल्यावर यावर उपाय मिळाला, तोही माहीत असेल तरच. डिक्शनरीतून सेटिंग देणाऱ्या डिक्ट-कॉन्फिगमध्ये तर आधीपासून अस्तित्वात असलेले आणि सेटिंगमध्ये नाव नसलेले लॉगर बंद करणे हेच मूळ वर्तन आहे, आणि ते टाळण्यासाठी संबंधित पर्याय स्पष्टपणे खोटा ठेवावा लागतो. ज्या साधनाचे काम प्रोग्राममधील गुपिते उघड करणे आहे, त्याने स्वतः इतके गुपचूप वागावे, हे मला पटत नाही. मेथडांची नावे पायथनच्या रूढ शैलीत नाहीत, ही तक्रार त्यापुढे किरकोळ आहे.

ज्यांना संदेश नको, थेट त्या जागी थांबून चले पाहायची आहेत, त्यांच्यासाठी पायथन ३.७ मध्ये आलेले ब्रेकपॉइंट हे अंगभूत फंक्शन लॉगिंगच्या जोडीला ठेवण्यासारखे आहे, आणि त्याचे बटण लॉगिंगपेक्षा कितीतरी सरळ आहे. पायथनब्रेकपॉइंट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला शून्य दिले की असे सर्व थांबे निष्क्रिय होतात. तेथे दुसऱ्या डीबगरच्या फंक्शनचा पूर्ण मार्ग दिला, तर पीडीबी या पायथनच्या स्वतःच्या डीबगरऐवजी तो उघडतो. हे मूल्य दर कॉलला नव्याने वाचले जाते, म्हणून प्रोग्राम चालू असताना आतूनही ते बदलता येते. मात्र काहीही न दिल्यास थांबे चालू, हे त्याचे मूळ वर्तन आहे. टर्मिनल नसलेल्या सर्व्हरवर असा विसरलेला थांबा प्रोग्रामला कोसळवू शकतो, तेव्हा तेथे ते शून्य आधीच लिहून ठेवलेले बरे.