प्लेसमेंट एजन्सीचा अनुभव : ५ पैकी २ स्टार

नाव देत नाही, पण भोसरी-चाकण साइडला क्वालिटी, स्टोअरचे जॉब लावून देणारी एजन्सी आहे. स्टाफ बोलायला चांगला, सीव्ही नीट करून देतात, फोन पण उचलतात, दोन स्टार त्याचेच. बाकी काय सांगू, फॉर्ममध्येच लग्न झालंय का, मुलं किती, सांभाळायला घरी कोण असले कॉलम, आणि माझ्या नवऱ्याने तिथंच फॉर्म भरला तेव्हा त्याला यातलं काहीच विचारलं नव्हतं बरं का. मॅडम तर सरळ म्हणाल्या, "ताई, पुढचं प्लॅनिंग काय ते आधीच सांगा, कंपनी विचारते." अहो मी सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं तपासायच्या मशीनवर काम करते, ड्रॉइंग वाचते, ते विचारा की!

त्यांचं गणित कळतं मला. 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा आहे, आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नसेल तर तो पगार कंपनीच्याच खिशातून जातो, मग बाई घ्यायचीच नाही हा यांचा शॉर्टकट. बापाला रजा द्यायचा प्रायव्हेटमध्ये कायदाच नाही, म्हणून त्याला कोण कशाला प्लॅनिंग विचारतंय. पण भरतीत बाई म्हणून डावलायचं नाही हे 1976 च्या समान वेतन कायद्यातच होतं, आज आलेलं नाही ते.

जायचंच असेल तर तो कॉलम रिकामा ठेवा, मी ठेवला, फॉर्म घेतला त्यांनी. इंटरव्ह्यू मात्र अजून लावलेला नाही, आणि रजिस्ट्रेशनचे पैसे परत मिळत नाहीत, ते आधीच विचारून घ्या.