संसार न सोडता करायची इग्नेशियन साधना : एक परीक्षण

इतरांचे दोष काढू नका, ही प्रभू येशूची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात इतक्या स्पष्ट शब्दांत आली आहे की तिच्यावर प्रवचन देणे सोपे आणि ती दिवसभर पाळायची कशी हे शिकवणे अवघड. उपासनेत आणि अभ्यासवर्गांत पहिले भरपूर होते, दुसरे क्वचितच. म्हणूनच घर आणि नोकरी सांभाळून, मार्गदर्शकाच्या मदतीने करायच्या इग्नेशियन साधनेचा काही महिने चालणारा जो उपक्रम मी नुकताच पूर्ण केला, त्याचे परीक्षण मी मुख्यतः एकाच कसोटीवर करणार आहे. माणसांविषयी झटपट निवाडा करण्याची सवय सुटावी म्हणून हा उपक्रम साधकाच्या हाती नेमके काय देतो?

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी झालेले स्पॅनिश सैनिक आणि नंतर जेझुइट संघाचे संस्थापक झालेले संत इग्नेशियस लोयोला यांनी पुढे स्वतःच्या प्रार्थनेतून जी साधना आकाराला आणली, तिच्या पुस्तकाला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. पूर्ण साधना सुमारे 30 दिवसांच्या एकांतात करायची असते. परंतु ज्यांना कामकाज सोडणे शक्य नाही, त्यांनी रोज दीड तास काढून तीच साधना सावकाश करावी, अशी सोय पुस्तकाच्या 19व्या सूचनेत आहे आणि आज ‘रोजच्या जीवनातील रिट्रीट’ (एकांतसाधना) म्हणून जे उपक्रम चालतात त्यांचा आधार हीच सूचना आहे. रोज बायबलमधील एका उताऱ्यावर मनन, रात्री आत्मपरीक्षण आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाशी संभाषण, असा साधारण क्रम असतो.

यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘विशेष आत्मपरीक्षण’. सर्व दोषांशी एकदम झगडण्याऐवजी साधकाने एकच दोष निवडायचा असतो. सकाळी उठताच त्या दोषापासून सावध राहण्याचा निश्चय, दुपारी जेवणानंतर पहिला हिशेब आणि रात्री जेवणानंतर दुसरा. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी आखलेल्या असतात आणि जितक्या वेळा दोष घडला तितके ठिपके त्या त्या ओळीवर द्यायचे असतात. शिवाय दोष घडल्याचे ध्यानात येताच, चारचौघांतही कोणाला कळणार नाही अशा रीतीने, छातीवर हात ठेवायचा आणि मनातल्या मनात पश्चात्ताप करायचा. मंदिरात मान खाली घालून ऊर बडवणाऱ्या जकातदाराचा दाखला लूकच्या 18व्या अध्यायात आहेच. ती प्रार्थना येथे बसमध्ये, बैठकीत, स्वयंपाकघरात येऊन पोहोचते. निवाडा करणे हा दोष निवडल्यावर वही जे दाखवते ते कोणत्याही प्रवचनापेक्षा नेमके असते. ठिपके दिवसभर सारखे पसरलेले नसतात, ठरावीक माणसे आणि ठरावीक प्रसंग यांच्याभोवती ते दाट होतात. एखाद्याची लांबलेली जाहीर प्रार्थना ऐकताना तीन ठिपके पडतात आणि उरलेली दुपार कोरी जाते, हे दिसल्यावर प्रार्थना कशासाठी करायची ते आपोआप स्पष्ट होते.

याला पूरक म्हणून दिलेले, सहाव्या शतकातील गाझाचे मठवासी डोरोथियस यांच्या शिकवणीवरील टिपण उत्तम होते. अमुक मनुष्य रागावला असे म्हणणे वेगळे आणि तो रागीटच आहे असे म्हणणे वेगळे, हा भेद ते करतात. पहिल्या वाक्यात एक कृती सांगितली जाते. दुसऱ्यात त्या माणसाच्या सबंध जीवनावर शिक्कामोर्तब होते, जो अधिकार केवळ देवाचा आहे. उपासनेला उशिरा आलेल्या बाईविषयी ‘ती आज उशिरा आली’ इथे थांबायचे की ‘तिला देवाची पर्वाच नाही’ इथवर जायचे, हे ठरण्याचा क्षण फार लहान असतो. तो क्षण पकडायला या टिपणाने खरोखर शिकवले.

मार्गदर्शनाबद्दल मी समाधानी आहे. साधकाला आपल्या पसंतीकडे न ओढता तराजूच्या काट्यासारखे मध्यावर राहावे आणि देवाला त्या जिवाशी थेट व्यवहार करू द्यावा, अशी अपेक्षा इग्नेशियस मार्गदर्शकाकडून करतात. ती येथे पाळली गेली. सल्ले कमी आणि प्रश्न अधिक होते, आणि निवाडा न करता ऐकून घेतले जाणे म्हणजे काय याचा अनुभव त्या संभाषणांतच मिळाला. गटाच्या मासिक सभा मात्र निराशाजनक ठरल्या. अनुभवकथनाच्या नावाखाली गैरहजर नातेवाइकांची वर्णने होत राहिली आणि ती थांबवणारे कोणी नव्हते.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप छापील पुस्तिकेवर आहे. शेजाऱ्याचे बोलणे दोषी ठरवण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास ख्रिस्ती माणसाने अधिक तत्पर असावे, हा इग्नेशियस यांचा नियम पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक छापला आहे, पण निम्माच. मूळ नियम पुढे सांगतो की चांगला अर्थ लागत नसेल तर त्याला काय म्हणायचे आहे ते त्यालाच विचारावे. तो चुकत असेल तर प्रेमाने त्याची सुधारणा करावी. आणि तेवढ्याने भागले नाही तर योग्य ते सर्व उपाय शोधावेत. हा उत्तरार्ध गाळल्यामुळे निवाडा सोडणे म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ निघतो. ज्यांच्यावर घरात किंवा मंडळीत खरोखर अन्याय झाला आहे, त्यांच्या खांद्यावर असे अर्धे वाक्य ठेवणे क्रूर आहे. अपराध करणाऱ्या भावाकडे जाऊन त्याला एकांतात समजावण्याची आणि त्याने ऐकले नाही तर साक्षीदार नेण्याची आज्ञा मत्तयाच्याच 18व्या अध्यायात आहे, पण तो उतारा मननाच्या यादीत कोठेही नव्हता. पुढील आवृत्तीत ही दुरुस्ती व्हावी, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

एवढे असूनही, ज्यांना रोज दीड तास निश्चित काढता येईल त्यांना हा उपक्रम घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. वेळ कमी असणाऱ्यांनी केवळ ठिपक्यांची वही आणि रात्रीचे आत्मपरीक्षण यांपासून सुरुवात करावी. त्यासाठी नावनोंदणीची गरज नाही. नुकत्याच मोठ्या आघातातून जाणाऱ्यांनी मात्र पहिल्या संभाषणातच मार्गदर्शकाला तसे सांगावे, आणि पापांवरील मननाचा पहिला टप्पा त्यांच्यासाठी सौम्य करता येईल का, हे विचारून मगच होकार द्यावा.